गाईला वरचे पुढचे दात का नसतात?

प्रश्न : दावणीला बांधायला श्वेतकपिला (गोव्याची देशी पांढरी गाय) जातीची पाडी बघायला गेलो. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही. पडले म्हणायचे का? वय कसे ओळखावे? – एक वाचक, वाळपई

उत्तर : पडले नाहीत, ते येतच नाहीत. गर्भात वर दातांचे अंकुर धरू लागतात, पण वाढ थांबून विरतात. त्या जागी घट्ट हिरडीची गादी असते. गाय जिभेने गवत वेढून खालचे दात त्या गादीवर दाबते आणि हिसका देऊन तोडते. चावण्याचे काम दाढांचे. गवतातल्या सिलिकाने त्या झिजतात, म्हणून त्यांचा माथा मुळातच उंच असतो.

खाली पुढे आठ दात दिसतात. त्यांतली कडेची जोडी उत्क्रांतीच्या हिशेबाने सुळ्यांची, रूप मात्र पटाशीचे. वय बघायचे ते याच आठांवर. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र. कायमचे रुंद, किंचित पिवळट. मधली जोडी साधारण 2 ते अडीच वर्षांत बदलते, त्यानंतरची प्रत्येक जोडी सहा ते नऊ महिन्यांच्या अंतराने. चारही जोड्या बदलल्या की जनावर ‘जुळले’. त्यानंतर फक्त झीज दिसते, आणि रेताड चाऱ्यावरचे जनावर उगाच म्हातारे वाटते. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा दात बरे, पण सहा महिने इकडेतिकडे धराच.