गटापासून चुकलेल्या दुचाकीस्वाराने काय करावे?

प्रश्न : मी कोथरूडला राहते आणि गेली काही वर्षे मोटरसायकल चालवते. गेल्या पावसाळ्यात एका गटाबरोबर पहिल्यांदाच ताम्हिणी घाटात गेले. आम्ही चौदा जण होतो. भूगाव ओलांडल्यावर पावसाचा जोर वाढला, म्हणून रेनकोट घालण्यासाठी मी कडेला थांबले आणि तेवढ्यात गट दिसेनासा झाला. मी वेग वाढवला. पिरंगुटला काही बुलेट डावीकडे वळताना दिसल्या, त्या आपल्याच गटाच्या समजून मी मागोमाग गेले. बरेच अंतर गेल्यावर लक्षात आले की तो गट दुसराच आहे आणि रस्ता लवासाचा आहे. फोनला रेंज नव्हती. उलट फिरून पिरंगुटला आल्यावर कुठे संपर्क झाला. गट पौडला थांबला होता. तिथे सर्वांसमोर मला ऐकवण्यात आले की, ज्यांना वेग झेपत नाही त्यांनी गटाबरोबर येऊ नये. माझे नेमके काय चुकले, आणि अशा वेळी काय करायला हवे होते?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाऊस वाढल्यावर तुम्ही थांबून रेनकोट घातलात, हे बरोबर केलेत. भिजल्याने हात गारठतात आणि क्लच-ब्रेकवरची बोटे मंद होतात, त्यामुळे अशा वेळी थांबणे हा सुरक्षित चालवण्याचाच भाग आहे. तुम्हाला पौडला जे ऐकवले गेले, ते अन्यायाचे होते. चौदा गाड्यांपैकी एक गाडी मागे राहिली आणि पौडपर्यंत कोणी मागे पाहिले नाही, हा गट चालवणाऱ्यांचा दोष आहे. गटाच्या शेवटी स्वीप, म्हणजे सर्वांच्या मागे राहणारा अनुभवी चालक, असता तर तो तुमच्या मागेच थांबला असता. स्वीपला ओलांडून कोणी मागे राहूच शकत नाही. त्याला नेमण्याचे कारणच ते आहे. तुमच्या पत्रात स्वीपचा उल्लेख नाही, त्यावरून तो नेमलेला नव्हता किंवा आपली जागा सोडून पुढे गेला होता, असेच दिसते.

मात्र एक गोष्ट तुमच्या हातात होती, आणि त्याबद्दल मी आग्रहाने लिहितो. गट दिसेनासा झाल्यावर वेग वाढवायचा नसतो. समजा, गट ताशी ६० किलोमीटरने चालला आहे आणि तुम्ही तीन मिनिटे थांबलात. तेवढ्यात गट तीन किलोमीटर पुढे जातो. ते अंतर तुम्ही ताशी ८० च्या वेगाने भरून काढायचे ठरवले, तर त्याला नऊ मिनिटे लागतील आणि त्या नऊ मिनिटांत तुम्ही १२ किलोमीटर चाललेल्या असाल. भूगाव ते पौड या रस्त्यावर, पावसात, गावे, शाळा, ट्रक आणि गतिरोधक यांच्यामधून इतका वेळ सतत ८० चा वेग टिकवणे कोणालाही सुरक्षितपणे शक्य नाही. ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६० ऐवजी ८० ने जाताना ते जवळजवळ पावणेदोन पट होते. रस्ता ओला असेल तर त्याहूनही अधिक. उलट, लीडने, म्हणजे सर्वांत पुढे राहून गट नेणाऱ्या चालकाने, पुढच्या फाट्यावर गट कडेला घेऊन तीन मिनिटे वाट पाहिली असती, तर तेच अंतर कोणीही जोखीम न पत्करता मिटले असते. म्हणून मागे राहिलेल्याने आपल्या नेहमीच्या वेगाने चालत राहावे आणि अंतर मिटवण्याचे काम पुढच्यांनी करावे, हे मी कोणत्याही गटात निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून घेतो.

पाठलागाचा दुसरा तोटा तुमच्या पत्रातच दिसतो. घाईत असलेला माणूस पुढे दिसणाऱ्या पहिल्या ताफ्याला आपला मानतो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी पौड रस्त्यावर असे किती तरी गट असतात, रेनकोटमुळे माणसे ओळखू येत नाहीत, आणि २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम पेटलेलाच असतो, त्यामुळे दिव्यांवरूनही आपला गट कळत नाही. निघण्यापूर्वी आपल्या पुढच्या आणि मागच्या गाडीची एखादी ठळक खूण लक्षात ठेवावी : मागच्या बॅगेचा रंग, हेल्मेटचा रंग, जमल्यास नंबरप्लेटवरचे शेवटचे आकडे. स्वीपने तर भडक रंगाचे चमकणारे जाकीटच घालावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एकटे पडल्याचे लक्षात आले की स्वतःला एकच गोष्ट विचारावी : मी ठरलेल्या रस्त्यावर आहे, याची मला खात्री आहे का? खात्री असेल तर ठरलेल्या पुढच्या थांब्यापर्यंत सावकाश जावे, मध्ये कोणाला शोधू नये. खात्री नसेल तर एकही फाटा आणखी ओलांडू नये. शेवटच्या ओळखीच्या ठिकाणी परतावे आणि तिथेच थांबावे. तुम्ही पिरंगुटला परत आलात, हे या दृष्टीने योग्यच झाले. फक्त तो निर्णय मुठा खोऱ्यात बरेच आत जाण्यापूर्वी, पिरंगुटच्या चौकातच घेता आला असता. पौडकडे सरळ आणि लवासाकडे डावीकडे, एवढे तिथल्या पाटीवरून किंवा टपरीवर विचारून कळते. थांबताना वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा धबधब्यापाशी, जिथे मोटारी कशाही उभ्या असतात, तिथे थांबू नये. पेट्रोल पंप किंवा हॉटेलचे आवार सर्वांत चांगले, कारण तिथे माणसे असतात आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता.

ज्याला शोधायचे तो आणि शोधणारा, हे दोघेही एकाच वेळी हलू लागले की भेट होत नाही. यासाठी आधीच ठरलेले असावे की चुकलेला एका जागी थांबेल आणि फक्त स्वीप शोधायला येईल. बाकीच्यांनी मागे फिरून उलटसुलट फेऱ्या मारू नयेत, कारण घाटात गाडी वळवणे हेच मोठ्या धोक्याचे काम आहे.

रेंजबद्दल थोडे. मुळशीच्या पुढे आणि घाटात फोनवर विसंबता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे लाइव्ह लोकेशन इंटरनेट असेपर्यंतच पुढे सरकते, त्यानंतर तो ठिपका जिथे अडकतो तिथेच तुम्ही आहात असा इतरांचा समज होतो. म्हणून नकाशाचा तो भाग घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा, लीड आणि स्वीपचे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, आणि रेंज अगदी कमी असेल तर साधा एसएमएस पाठवावा. इंटरनेट चालत नाही, फोन लागत नाही अशा ठिकाणाहूनही तो पुष्कळदा जातो. नकाशात दुचाकीचा पर्याय निवडायलाही विसरू नये. लोणावळ्याच्या बाजूने एकटे परतताना मोटारीचा मार्ग निवडलेला राहिला, तर नकाशा द्रुतगती मार्गावर नेऊ लागतो आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. पौड सोडल्यावर पेट्रोल पंप विरळ होत जातात, त्यामुळे टाकी शहरातच भरून घ्यावी. चुकल्यावर कराव्या लागणाऱ्या जादा फेऱ्यांचा हिशेब त्यातच धरावा.

तुम्ही पुन्हा जावे का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्रात ते जाणवते. जरूर जावे, मात्र निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून : स्वीप कोण आहे, थांबे कुठे आहेत, आणि कोणी मागे राहिले तर लीड काय करणार. या प्रश्नांवर ज्या गटात कपाळाला आठ्या पडतात, त्या गटाबरोबर जाऊ नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील आणि ऑफिसमधील वीस-बावीस जण महिन्यातून एकदा ब्रेकफास्ट राइडला जातो आणि नियोजन माझ्याकडे असते. दर वेळी गट तुटतो, फोनाफोनी होते, पुढचे मागच्यांवर आणि मागचे पुढच्यांवर चिडतात. सर्वांना लोकेशन शेअर करायला सांगूनही फरक पडत नाही. हे कसे थांबवावे?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : वीस गाड्यांचा एक गट हा प्रत्यक्षात एक गट राहतच नाही, हे आधी मान्य करावे लागेल. अमेरिकेतील मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही प्रशिक्षण संस्था पाच ते सात चालकांचा गट सुचवते, आणि आपल्या रस्त्यांवर तर मी सहाच्या पुढे जाणार नाही. तुमच्या बावीस जणांचे चार गट करा. प्रत्येक गटाला स्वतःचा लीड आणि स्वीप द्या, आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. न्याहारीच्या ठिकाणी सगळे एकत्रच भेटणार आहात.

गट का ताणला जातो, हे लीडला समजले पाहिजे. गतिरोधकाशी लीडचा वेग २० वर येतो आणि तो ओलांडताच लीड पुन्हा ६० धरतो. पण त्या क्षणी शेवटचा चालक अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असतो. पुढचे अंतर टिकवायचे तर त्याला लीडपेक्षा जास्त वेगाने जावे लागते. पौड रस्त्यावर असे गतिरोधक किती आहेत, हे आठवून पाहा. म्हणजे मागच्याला दिवसभर पुढच्यापेक्षा वेगाने चालवावे लागते, आणि आपण नेमके नवख्याला मागे ठेवतो! नवखा चालक किंवा लहान इंजिनाची गाडी लीडच्या लगेच मागे असावी, आणि लीडने अडथळा ओलांडल्यावर शेवटची गाडी त्यातून बाहेर येईपर्यंत वेग वाढवू नये.

शहरातून गटाने जाण्याचा हट्टही सोडून द्या. सिग्नलवर निम्मे अडकतात आणि निम्मे पुढे जातात, किंवा गट तुटू नये म्हणून कोणी तरी लाल दिवा ओलांडतो, जे अक्षम्य आहे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला गेला आणि २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. तिथे आता इतके रॅम्प आहेत की रोज न जाणारा माणूस सहज भलत्या रस्त्याला लागतो, त्यामुळे ते जमण्याचे ठिकाण म्हणून सोयीचे राहिलेले नाही. ज्याने त्याने आपापल्या सोयीने शहर ओलांडावे आणि ताम्हिणीसाठी पिरंगुटपलीकडे, साताऱ्याच्या बाजूला जाण्यासाठी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढे एखाद्या मोकळ्या आवारात जमावे.

उरतो तो फाट्यांचा प्रश्न, आणि त्यावर एक जुनी, उत्तम पद्धत आहे. फाट्यापाशी येताच लीड आपल्या लगेच मागच्या चालकाला हाताने जागा दाखवतो. तो चालक तिथे सुरक्षितपणे कडेला थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवतो. शेवटी स्वीप आला की त्याच्या पुढे राहून तो गटात सामील होतो. पुढच्या फाट्यावर लीडच्या मागे आलेला दुसरा चालक हेच काम करतो. या पद्धतीत पुढची गाडी दिसत राहिलीच पाहिजे अशी सक्ती उरत नाही, कारण रस्ता बदलण्याच्या प्रत्येक जागी आपले माणूस उभे असते आणि जिथे कोणी उभे नाही तिथे सरळच जायचे असते. फोन लागत नाही तिथेही ती चालते. ताम्हिणी उतरल्यावर विळ्याला कोलाडचा आणि माणगावचा रस्ता वेगळा होतो. गट हमखास तुटतो तो अशा जागी, आणि तिथे उभा असलेला एक माणूस बावीस फोनांपेक्षा उपयोगी पडतो. मात्र नवखा चालक लीडच्या मागेच असल्याने फाट्यावर त्याची पाळी येणार, हे लक्षात ठेवून त्याला हे काम आधी नीट समजावून सांगा. स्वीप येईपर्यंत जागा सोडायची नाही. आणि स्वीप पंक्चरसाठी थांबला असेल तर फाट्यावरचा माणूस किती वेळ उभा राहणार आणि लीड किती वेळाने मागे येणार, हेही निघण्यापूर्वीच ठरवा. मी वीस मिनिटे धरतो.

लाइव्ह लोकेशन ठेवायला हरकत नाही, पण ते थांबल्यावर पाहण्यासाठी. चालवताना सतत स्क्रीनकडे डोळे लावून गट शोधणारा चालक सर्वांसाठीच धोकादायक ठरतो.

प्रश्न : मुलगा गटाबरोबर महाबळेश्वरला जातो आणि तासन्‌तास फोन उचलत नाही. काळजी नेमकी केव्हा करावी?
– एक पालक, सदाशिव पेठ

उत्तर : चालवताना त्याने फोन उचलू नये, हेच योग्य आहे, आणि खिशात वारंवार वाजणारा फोन त्याचे लक्ष विचलित करतो. त्याऐवजी निघण्यापूर्वी त्याच्याकडून थांब्यांची ठिकाणे, तिथे पोहोचण्याच्या अंदाजे वेळा आणि लीड व स्वीपचे क्रमांक लिहून घ्या, आणि प्रत्येक थांब्यावरून एक संदेश पाठवण्याचे कबूल करून घ्या. ठरलेल्या वेळेनंतर तासभर संदेश आला नाही, तर आधी लीडला आणि मग स्वीपला फोन करा. घाटात दोघांपैकी एकाला रेंज नसणे स्वाभाविक आहे. मुलगा गटाबरोबर नाही आणि स्वीपही त्याच्याबरोबर नाही असे कळले, तर मात्र वाट पाहू नका, ११२ वर फोन करा. गाडीचा क्रमांक आणि रंग, तो शेवटचा कुठे व किती वाजता दिसला, आणि कोणत्या दिशेने जात होता, एवढे हाताशी ठेवा. मुलालाही सांगून ठेवा की अडचणीत सापडल्यास जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि मागे सोडलेल्या गावाचे नाव कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर त्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गावर हिरवा. कोणी जखमी असेल तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. त्यांनाही हाच आकडा आधी सांगावा.