"करील" आणि "करता येईल" : बालहक्कांच्या मसुद्यात मी आधी काय बघते

प्रश्न मोठा आहे म्हणून मला काय समजलंय ते आधी लिहिते, चुकत असेन तर सांगा. तुमच्या गटाला मुलांच्या हक्कांच्या नव्या कायद्याच्या मसुद्यावर सूचना द्यायच्यात आणि तुम्ही विचारताय की संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता (मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) आहे तशी कायद्यात घातली तर भागेल का, मुलांसाठीच्या सेवा कायद्यातच लिहायच्या की नंतर नियमांवर सोडायच्या, आणि "मुलांचं मत घ्यावं" म्हणजे नेमकं करायचं काय. माझ्या आधी दोघांनी याच प्रश्नाला उत्तर देताना शिक्षा कडक करा असं लिहिलंय. शिक्षेच्या कलमाला लिहायला काही खर्च येत नाही, म्हणून ते सगळ्यांना सुचतं, एवढंच त्यावर म्हणते.

मी वकील नाही. बरीच वर्षं बालसंरक्षणाच्या कामात होते, दोनदा मसुद्याच्या बैठकांना बसले. तिथे एक सवय लागली ती अजून सुटली नाही, कुठलाही मसुदा हातात आला की मी उद्देशिका वाचत नाही, सरळ क्रियापदं बघत जाते. "शासन अमुक करील" आणि "शासनाला अमुक करता येईल" यात जमीन अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मूल उद्या कोर्टात जाऊ शकतं, दुसऱ्यात अधिकारी म्हणतो बरोबर आहे, करता येईल, पण यंदा नाही.

ही माझी एकटीची खोड नाही हं. दक्षिण आफ्रिकेचा २००५ चा बालकायदा काढून बघा. तिथे संरक्षण सेवा, कुटुंब मोडण्याआधीची मदत आणि निवासी केंद्रं यांच्यासाठी प्रांतांनी पैसा दिलाच पाहिजे असं लिहिलंय, पण पाळणाघरं, लहान मुलांचे विकास कार्यक्रम आणि दिवसा मुलं येऊन जातात ती केंद्रं यांच्यासाठी "देता येईल" असं. कायदा एकच, फक्त क्रियापद बदललंय. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलम ४६ बघा, १८ पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक सहाय्य "देता येईल". म्हणजे आई-बाप नसलेलं पोर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभं, आणि त्याच्या हातात काय तर एक शक्यता. मसुदा लिहिणाऱ्यांना हे कळत नाही असं अजिबात नाही, चांगलं कळतं. "करील" लिहिलं की वित्त विभागाची टिप्पणी परत येते म्हणून "करता येईल" लिहितात.

म्हणून प्रत्येक कलमाच्या समासात पेन्सिलने चार गोष्टी लिहून बघा: कोण करणार, किती दिवसांत, कुठल्या पैशातून, आणि नाही केलं तर पोराने जायचं कोणाकडे. चारपैकी दोन जागा जरी कोऱ्या राहिल्या तरी ते कलम सभागृहात टाळ्या घेईल पण पोराच्या काही कामाचं नाही.

आता संहितेबद्दल. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाली, ५४ कलमं, अमेरिका सोडली तर जवळजवळ सगळ्या जगाने मान्य केलेली. पण ती लिहिली गेली देशांना उद्देशून. तुरुंगवास हा शेवटचाच उपाय असावा (कलम ३७) असली वाक्यं न्यायाधीश थेट वापरू शकतो, पण "उपलब्ध साधनसामग्रीच्या कमाल मर्यादेपर्यंत" उपाययोजना करा (कलम ४) हे वाक्य घेऊन एखाद्या तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून बघा. स्वीडनने १ जानेवारी २०२० पासून संहितेलाच कायद्याचा दर्जा दिला. वेल्सने २०११ मध्ये जरा मवाळ वाट धरली, मंत्र्यांनी निर्णय घेताना संहितेचा योग्य तो विचार केलाच पाहिजे असं बंधन घातलं.

स्कॉटलंडची गोष्ट मात्र तुमच्या गटाने नीट वाचावी. तिथल्या संसदेने मार्च २०२१ मध्ये संहिता कायद्यात आणणारं विधेयक एकमताने मंजूर केलं, सगळे खूश, आणि ऑक्टोबरमध्ये युकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातल्या काही तरतुदी तुमच्या अधिकारकक्षेच्या बाहेर आहेत. मग दुरुस्त्या, फेरविचार, आणि कायदा अंमलात आला तो १६ जुलै २०२४ ला. तीन वर्षांहून जास्त वेळ गेला, आणि मुलांना हक्क द्यायला कोणाचा विरोध होता म्हणून नाही, तर कुठला विषय कोणाच्या कक्षेत येतो हा प्रश्न होता म्हणून. तेव्हा संहिता जरूर घ्या, पण ती पाया म्हणून. वर घर तुम्हालाच बांधायचंय, आणि जागा आपल्या नावावर आहे ना हे आधी बघून.

सेवांचा प्रश्न माझ्या जास्त जवळचा. एक प्रसंग सांगते. साधारण आठ वर्षांची मुलगी, घरात मारहाण. तिने जे झालं ते पहिल्यांदा शाळेत सांगितलं, मग पोलिसांत, मग डॉक्टरकडे, मग आमच्याकडे. चारही कागद एकाच फाइलला लागले होते म्हणून मला एकाखाली एक वाचता आले. पहिला जबाब दीड पान, दुसरा एक पान, तिसरा सात ओळी. आमच्या टेबलावर आली तेव्हा ती म्हणाली, "तिकडे लिहिलंय सगळं." त्यात खोटं काही नव्हतं, पोरगी कंटाळली होती. आणि पुढे नेमकं हेच दाखवून विचारण्यात आलं की हिच्या जबाबात फरक का पडतोय!

आइसलंडने १९९८ मध्ये यावर उपाय काढला, बार्नाहुस, म्हणजे मुलांचं घर. लैंगिक अत्याचाराच्या तपासात पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील, समाजसेवक हे सगळे एका छपराखाली येतात, प्रशिक्षित माणूस मुलाशी एका खोलीत बोलतो आणि बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकतात. एका घराने सगळं सुटतं असं नाही, पण इथे मुलाला चार टेबलांवर फिरावं लागत नाही, टेबलंच मुलाकडे येतात. इंग्लंडला हाच धडा फार महागात मिळाला. फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी छळाने गेली, तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालात निघालं की तिला वाचवता येईल अशा किमान १२ संधी वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातून निसटल्या. त्यानंतरच्या २००४ च्या कायद्यात यंत्रणांनी एकमेकांशी सहकार्य करणं हे कर्तव्य म्हणून आलं. तर सेवा कायद्यातच लिहा. तपशील, फॉर्म, नमुने खुशाल नियमांत जाऊ द्या, पण "एका मुलासाठी एक जबाबदार माणूस" आणि "माहिती एकदाच विचारायची" या दोन गोष्टी नियमांवर सोडू नका, नियम कधी येतील याचा भरवसा नसतो.

मुदतीचं थोडक्यात. मुदत सगळेच घालतात, मुदत उलटली तर काय हे कोणी लिहीत नाही. आपल्या बाल न्याय कायद्यात एक छान अपवाद आहे, मुलावर आरोप असलेल्या किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या दोन महिन्यांतही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. म्हणजे यंत्रणेच्या दिरंगाईची किंमत मुलाने नाही, यंत्रणेने भरायची. अशी कलमं शोधा आणि तशीच मागा. "शक्यतो" हा शब्द दिसला की त्यावर लाल रेघ मारा.

पैसा. विधेयकाला जोडलेलं वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्च किती आणि कुठून हे सांगणारा कागद, कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. आमच्या बैठकीत सात नवीन जबाबदाऱ्या लिहिल्या होत्या आणि ज्ञापनात एकच ओळ, "उपलब्ध मनुष्यबळातून". त्या उपलब्ध मनुष्यबळात एका जागेवर दोन वर्षं माणूस नव्हता आणि दुसरीवरची बाई निवडणूक ड्यूटीला गेलेली. दक्षिण आफ्रिकेत कायदा अजून विधेयक होता तेव्हाच त्याच्या खर्चाचा स्वतंत्र हिशोब मांडला होता, पुढे निधी मागणाऱ्यांच्या हातात निदान एक आकडा तरी होता. तुम्हीही ढोबळ का होईना, जागा किती, पगार किती, हे सूचनांसोबत जोडा. आकडा दिसला की चर्चेचा सूर बदलतो, हे मी स्वतः बघितलंय.

शिक्षावाल्यांसाठी एकच उदाहरण. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली, पालकांच्या कायद्यात, आणि त्या कलमाला वेगळी शिक्षा जोडलीच नाही. उलट घराघरात पत्रक पाठवलं आणि दुधाच्या पाकिटांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी नाश्त्याला बसल्यावर आई-बाप आणि पोरं दोघंही वाचणार. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कुटुंबांना कायदा माहीत होता. प्रसिद्धी ही कायद्यातली जबाबदारी म्हणून लिहा, तीसुद्धा "करील" लावून.

तक्रारीचं प्रकरण मसुद्यात बहुतेक शेवटी आणि सगळ्यात पातळ असतं. मी एका बालगृहात तक्रारपेटी बघितली होती, भिंतीवर छान रंगवलेली, मुलांनीच फुलं काढलेली, आणि किल्ली अधीक्षकांच्या जुडग्यात. पेटी कायम रिकामी, आणि तपासणीच्या अहवालात "एकही तक्रार नाही" असा शेरा! नॉर्वेने १९८१ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल, म्हणजे मुलांच्या हक्कांवर नजर ठेवणारा अधिकारी, नेमला, जगात पहिल्यांदा. तुमच्याकडे आयोग असो की लोकपाल, तो ज्याच्यावर नजर ठेवणार त्याच खात्याच्या हाताखाली नको, आणि किल्ली त्याच्याकडे हवी.

राहिलं मुलांचं मत. संहितेचं कलम १२ म्हणतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडायचा हक्क आहे आणि वय व समज बघून त्याला वजन द्यायचं. प्रत्यक्षात काय होतं तर मसुदा पक्का झाला की वीसेक मुलं हॉलमध्ये बसवतात, कोणीतरी भाषण करतं, बिस्किटं वाटतात, फोटो. असं करू नका. मसुदा कच्चा असताना पाच-सहाच मुलांशी, ज्यांनी या सेवा भोगल्यात त्यांच्याशी, ओळखीच्या माणसाबरोबर बसून बोला, आणि "तुमचे हक्क कोणते" असं विचारू नका, "तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी काय झालं" ते विचारा. आम्ही विचारलं तेव्हा मला वाटलं होतं जेवणाबद्दल बोलतील, मारण्याबद्दल बोलतील. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की मला आणि बहिणीला वेगवेगळ्या गाडीत बसवलं, ती कुठे गेली हे मला चार महिने कोणी सांगितलं नाही. आमच्या मसुद्यात तोवर भावंडं हा शब्दच नव्हता. त्या रात्री आम्ही कलम लिहिलं, भावंडांना एकत्र ठेवील, ठेवता आलं नाही तर कारण लेखी देईल आणि सात दिवसांत भेट घडवील. पुढच्या वाचनात ते "शक्यतो ठेवता येईल" असं होऊन आलं, मग परत भांडलो, "कारण लेखी देईल" तेवढं राहिलं.