एक ढीग, दोन रहिवासी

प्रश्न : यूरोपीय हेजहॉग हा अंगावर काटे असलेला छोटा प्राणी हिवाळ्यात कंपोस्टच्या ढिगात झोपतो आणि तिथेच जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा जिवाणू ६० अंश सेल्सिअसला वाढतो, असं वाचलं. मग हेजहॉग भाजून कसा निघत नाही? आणि दोघांची सुप्तावस्था सारखीच का?

उत्तर : ढीग तोच, पण दोघांची वेळ किंवा जागा वेगळी. ताजं गवत आणि ओला कचरा घातलेल्या, घनमीटरभर ढिगाचा गाभा काही दिवसांत ५५ ते ६५ अंशांवर जातो. जिवाणू तेव्हा जोरात वाढतो, हेजहॉग त्या गरम गाभ्याकडे फिरकतही नाही. त्याला हवा असतो थंडावलेला, कोरड्या पानांचा ढीग. ऊब नको, स्थिर गारवा हवा, ४ अंशांच्या आसपासचा. मध्येच ऊब वाढली की जाग येते आणि साठवलेली चरबी सर्वाधिक खर्च होते ती या जागं होण्यातच.

सुप्तावस्थेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोपलेल्या हेजहॉगचं हृदय मिनिटाला १९० ऐवजी २० च्या आसपास ठोके देतं. वात बारीक केलेली असते, विझवलेली नसते. जिवाणूच्या बीजाणूत, म्हणजे त्याच्या टणक सुप्त रूपात, चयापचय जवळजवळ थांबलेलाच असतो. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार कमी, शिवाय कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्लाचा साठा; म्हणून तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही.

ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, परीक्षा घ्यायला हाच बीजाणू वापरतात. हे बीजाणू लावलेली पट्टी उपकरणांसोबत १२१ अंशांना १५ मिनिटं ठेवायची, मग जांभळ्या पोषक द्रवात ५५ ते ६० अंशांना उबवायची. द्रव पिवळा झाला, तर बीजाणू जगून वाढला, म्हणजे निर्जंतुकीकरण फसलं. नेहमीची चूक म्हणजे पट्टी ३७ अंशांना उबवणं. तिथे जिवंत बीजाणूही वाढत नाही आणि बिघडलेलं यंत्र पास होतं! सोबत न तापवलेली एक पट्टी उबवावी. तिचा द्रव पिवळा झाला नाही, तर चाचणीच रद्द.

प्रश्न : थंडीत असा ढीग उलटायचा असेल तर?

उत्तर : शक्यतो वसंतापर्यंत थांबा. थर्मामीटरवर विसंबू नका. गाभा गरम असला तरी कडेला घरटं असू शकतं. दाताळं वरून खुपसू नका, वरचे थर हातमोजे घालून उचला. एकावर एक घट्ट रचलेली पानं लागली की हात आवरा आणि तीच पानं परत नीट झाका. गार लागतो म्हणून हेजहॉग मेला असं समजू नका. उठलाच, तर उथळ ताटलीत पाणी ठेवा. दूध देऊ नका, त्याला जुलाब होतात.