जुने अ‍ॅनिमेशनपट फोर-के, आयमॅक्स, थ्रीडीत पुन्हा थिएटरला लागतात, त्यात खरंच काही नवं दिसतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हातानं काढलेल्या जुन्या चित्रांत फोर-के (रुंदीत सुमारे चार हजार पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू) किंवा आयमॅक्स या महाकाय पडद्यामुळे नवीन काय दिसणार, ही पहिली. आणि सात वर्षांच्या मुलीला यातलं काय दाखवावं, ही दुसरी. पहिल्याचं उत्तर: दिसतं, आणि पुष्कळ दिसतं. पण ते पोस्टरवरच्या ‘आयमॅक्स’ किंवा ‘थ्रीडी’ या शब्दामुळे नाही. नवी प्रत कशावरून काढली आणि काढताना मूळ रेषेला किती जपलं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपण बहुतेकांनी हे चित्रपट टीव्हीवर नाहीतर कॅसेटवर पाहिले. ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हमध्ये त्याच्या कितीतरी पट तपशील असतो. नवा स्कॅन काहीच ‘वाढवत’ नाही, आत होतं ते बाहेर आणतो. १९९७चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ २०२५ साली फोर-के आयमॅक्समध्ये आला. त्या चित्रपटासाठी सुमारे १,४४,००० सेल, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेली चित्रं, वापरले गेले, आणि त्यातल्या हजारो चित्रांवर दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी स्वतः हात फिरवला होता. अशा चित्रपटाच्या जंगलातला शेवाळाचा थर, पार्श्वभूमीवर ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला, हे मोठ्या पडद्यावर दिसतं तेव्हा तो चित्रपट माणसांनी काढलाय हे डोळ्यांना कळतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरच्या पडद्यावर आपण गोष्ट बघतो, तिथे चित्र बघतो.

याहून जुन्या चित्रपटांची हकिकत तर विलक्षण आहे. डिस्नेचे जुने रंगीत चित्रपट रंगीत फिल्मवर चित्रितच झालेले नाहीत. अ‍ॅनिमेशनमध्ये चित्र कॅमेऱ्यासमोर स्थिर असतं, त्यामुळे एकाच चित्राचे लागोपाठ तीन फोटो घेता येत: लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून, तेही कृष्णधवल फिल्मवर. रंगीत फिल्मचे रंग काळानुसार उडतात. कृष्णधवल फिल्ममध्ये रंगद्रव्यच नसतं, म्हणून रंगांची ही नोंद दशकानुदशकं टिकून राहिली. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’चं हेच झालं. ८३ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक लाख एकोणीस हजारांवर फ्रेम, आणि प्रत्येकीची तीन रूपं. १९९३ साली तो पुन्हा प्रदर्शित करण्यासाठी सबंधच्या सबंध संगणकात घेतला, एकेका फ्रेमवरची धूळ आणि ओरखडे काढले आणि परत फिल्मवर उतरवला. पूर्ण लांबीच्या चित्रपटावर असं काम तेव्हा पहिल्यांदाच झालं.

आता गंमत बघा, जुना चित्रपट नव्यापेक्षा जास्त स्पष्ट निघू शकतो. १९५९चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ सुपर टेक्निरामा ७० पद्धतीचा. त्यात फिल्म आडवी धावते आणि फ्रेम नेहमीच्या जवळजवळ दुप्पट मोठी मिळते. उलट १९९०नंतर रंगकाम संगणकावर गेलं तेव्हा चित्राची कमाल मर्यादा त्या वेळच्या फाईलनं ठरवून टाकली. कित्येक चित्रपटांचं अंतिम चित्र टू-केच्या, म्हणजे फोर-केच्या निम्म्या रुंदीच्या, आसपासच आहे. अशा चित्रपटाच्या जाहिरातीत फोर-के लिहिलेलं असेल तर त्यातले निम्म्याहून अधिक पिक्सेल गणितानं भरलेले असतात. ‘लायन किंग’ २००२ साली आयमॅक्सला नेला तेव्हा दूरच्या छोट्या पात्रांच्या रेषा पुन्हा नीट कराव्या लागल्या, कारण साध्या पडद्यासाठी काढलेला चेहरा तिथे कैक फूट मोठा होतो.

नूतनीकरणाचा खरा धोका अतिस्वच्छतेत आहे. फिल्मचा बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरला पेन्सिलची नाजूक रेषाही कचरा वाटू शकते. १९५०च्या ‘सिंड्रेला’ची २०१२ साली आलेली ब्लू-रे प्रत इतकी गुळगुळीत झाली होती की कपड्यांवरच्या रेषा जागोजाग पुसट झाल्याची तक्रार जाणकारांनी केली. २०२३ साली मूळ निगेटिव्हकडे परत जाऊन, स्टुडिओतल्या कलाकारांना सोबत घेऊन नवी फोर-के प्रत काढली, तेव्हा त्या रेषा परत आल्या. दोन्ही प्रतींचं एकच दृश्य शेजारी ठेवून बघा, माझं म्हणणं लगेच पटेल. तेव्हा बातमी वाचताना ‘रिमास्टर’ या शब्दावर थांबू नका, ‘मूळ निगेटिव्हवरून’ असं म्हटलंय का ते शोधा.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे चौकट. १९५०च्या आधीचे चित्रपट जवळपास चौकोनी, १.३७ : १ प्रमाणाचे. ते १.८५च्या रुंद पडद्यावर काठोकाठ भरायचे तर वरून-खालून सव्वीस टक्के चित्र कापावं लागतं. १९४०चा ‘फँटेशिया’ १९५६ साली सुपरस्कोप नावाच्या रुंद स्वरूपात आणला होता, आणि त्या रुंदीपायी मूळ मांडणी बिघडली. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर वैतागू नका. त्या असणं हेच प्रामाणिक प्रदर्शन.

‘फँटेशिया’ची आवाजाचीही कथा आहे. १९८२ साली त्याचं सगळं संगीत नव्यानं डिजिटल ध्वनिमुद्रित केलं, मूळ वाद्यवृंद-संचालक स्टोकोव्हस्कींच्या जागी अर्विन कोस्टल. आवाज स्वच्छ झाला, पण चित्रं ज्या वादनाला धरून काढली होती ते वादनच गेलं. १९९०च्या आवृत्तीत स्टोकोव्हस्की परत आणले, ते योग्यच झालं.

थ्रीडीबद्दल माझं मत ठाम आहे: चित्रपट मुळात संगणकात त्रिमितीय बनला असेल तरच जा. ‘टॉय स्टोरी’चे पहिले दोन भाग २००९ साली थ्रीडीत आले, तेव्हा जुन्या फाईली उघडून आभासी कॅमेऱ्याशेजारी दुसरा कॅमेरा ठेवता आला. खोली तिथे आधीपासून होतीच. हातानं काढलेल्या चित्रात ती नसते. प्रत्येक आकृती किती पुढे, किती मागे, नाक किती उठावदार, हे नंतर कोणीतरी ठरवतं. २०११चा ‘लायन किंग’ थ्रीडी हे त्यातलं अत्यंत काळजीपूर्वक केलेलं काम. तो पहिल्या आठवड्यात अमेरिकेत अव्वल ठरला आणि तिथे नऊ कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. तरीही मी तो साधाच बघेन. चष्म्यामुळे पडद्यावरचा उजेड बराच घटतो, आणि सपाट रंगांचं सौंदर्य उजेडावरच उभं असतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ तिला आत्ता नको. त्यात हात आणि मुंडकी उडतात, आणि अमेरिकेतही त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना. तुम्ही एकटे जा, जरूर जा. तिच्यासाठी ‘स्नो व्हाइट’ किंवा ‘सिंड्रेला’ची नवी प्रत कुठे लागली तर उत्तम, पण ‘स्नो व्हाइट’मधला राणीच्या रूपांतराचा प्रसंग मोठ्या पडद्यावर चांगलाच भीतिदायक आहे, त्याची कल्पना आधी द्या. ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा युगो साको आणि राम मोहन यांचा भारत-जपान चित्रपट जानेवारी २०२५मध्ये फोर-केत नव्या हिंदी डबिंगसह आला होता. युद्धाची दृश्यं आहेत, पण गोष्ट तिच्या ओळखीची असेल. परभाषेतल्या चित्रपटाचे डब केलेले आणि सबटायटलचे खेळ वेगवेगळे असतात. तिकीट काढताना ते बघा आणि तिच्यासाठी डब केलेलाच निवडा, नाहीतर वाचायच्या नादात तिची नजर पडद्याच्या तळाशीच राहील.