कंबर किती फिरवायची आणि केव्हा?

प्रश्न : आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघात 14 वर्षांची उजव्या हाताची पिचर (चेंडू टाकणारी) आहे. चेंडू सोडताना ‘कंबर जोरात बंद कर’, म्हणजे बॅटरकडे वळव, असं आम्ही तिला शिकवलं. आता चेंडू कधी बॅटरच्या अंगावर येतो, कधी पार बाहेर जातो. कोपराच्या आतल्या बाजूला निळे डागही पडलेत. काय चुकतंय?
— एक क्रीडाशिक्षिका

उत्तर : ते डागच सगळं सांगतात. कंबर हाताच्या आधी समोर वळते, उजवा खुबा वाटेत येतो आणि हात त्यावर आदळतो. आदळायचं टाळण्यासाठी हात खुब्याला वळसा घालून बाहेरून जातो, मग दिशा कशी राहणार? विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याच्या पद्धतीत, चेंडू सोडताना हाताचा कोपराखालचा भाग कुशीला हलका घासून जायला हवा, तिथे मार बसता कामा नये.

पिचर जिथून टाकते त्या पिचिंग प्लेटच्या मध्यापासून बॅटरजवळच्या होम प्लेटच्या मध्यापर्यंत चुन्याची सरळ रेघ मारा. डावं पाऊल या रेघेवर पडतं तेव्हा पोट थर्ड बेसकडे (बॅटरकडे तोंड केलेल्या पिचरच्या उजव्या हाताला) असावं आणि पावलाची बोटं साधारण 45 अंशांत वळलेली. पाऊल पूर्ण थर्ड बेसकडे वळलं तर कंबर अडकते, सरळ होम प्लेटकडे पडलं तर ती लवकर बंद होऊन समोर येते. हात खाली येताना कंबर फिरू लागते, पण चेंडू सुटतो त्या क्षणी ती अर्धीच वळलेली असते, म्हणजे तीही साधारण 45 अंशांत. उरलेलं वळण चेंडू सुटल्यावर आपोआप होतं, ते मुद्दाम करवून घेऊ नका. म्हणून ‘बंद कर’ हे शब्द आजपासून सोडाच. ‘पुढचा पाय रोव, हात जाऊ दे’ एवढं म्हणा. वेगही तिथूनच येतो : रोवलेला पाय शरीराला ब्रेक लावतो आणि तो जोर हातात उतरतो.

सरावाला जाळीपासून 10-12 फुटांवर आडवं उभं करा. डावं पाऊल रेघेवर, चेंडूचा हात डोक्यावर, दुसरा हात जाळीकडे. इथून फक्त हात खाली आणून चेंडू सोडायचा आणि तिथेच थिजायचं. तुम्ही समोर उभं राहून बघा : दोन्ही खुबे तुमच्याकडे सरळ तोंड करून दिसले तर तो चेंडू चुकला. 15 चेंडूंचे 3 फेरे पुरे, आणि जोर अर्धाच. हे जमल्यावरच पूर्ण अंतरावर, म्हणजे 43 फुटांवर न्या. डाग जाईपर्यंत पूर्ण वेगाने टाकू देऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीचं उलटं आहे. तिची कंबर शेवटपर्यंत उघडीच, म्हणजे थर्ड बेसकडेच राहते, चेंडूला जोर नसतो.
— एक पालक

उत्तर : तिचा मागचा पाय बघा. बहुधा टाच जमिनीला चिकटलेली आणि वजन मागेच असेल. प्लेट ढकलून निघाल्यावर टाच उचलून, बुटाचं टोक जमिनीवर ओढत मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याच्या दिशेने आला पाहिजे. गुडघा आला की कंबर त्याच्यामागे येते. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये थर्ड बेसच्या बाजूने चित्रण करा. त्यात दुसरी एक गोष्ट तपासा : चेंडू सोडताना ती कमरेत पुढे वाकते का? वाकलेल्या धडाने कंबर फिरतच नाही.