गावातल्या व्यापारी-दुकानदारांच्या मदतीने प्रौढांचे साक्षरतेचे आणि इंग्रजीचे वर्ग खरंच चालतात का?

तुम्ही विचारलंय की गावच्या वाचनालयात मोठ्या माणसांसाठी अक्षरओळखीचा आणि इंग्रजीचा वर्ग काढायचा आहे, तर पेठेतले व्यापारी-दुकानदार मदत करतील का आणि त्या मदतीने नेमका फरक काय पडतो. मी निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजूला राहते. दिवसा एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोब लिहिते आणि २०१८ पासून आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी आमच्या वाचनालयात बायकांना शिकवते. त्यामुळे देणाऱ्याची आणि मागणाऱ्याची, दोन्ही बाजू मला जवळून दिसतात.

मदत करतात, आणि फरकही पडतो. पण आपण ज्या मदतीच्या मागे धावतो ती सहसा सगळ्यात कमी कामाची असते.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे करतात तेच केलं. पावतीपुस्तक छापलं आणि दिवाळीच्या आधी पेठेतून फिरलो. कोणी १०१ दिले, कोणी ५०१, एकाने ११०० दिले. त्यातून पाट्या, मोठा फळा, दोन ट्यूबलाइट आणि सतरंज्या घेतल्या. खोली तयार झाली. पहिल्या आठवड्यात चौदा जणी आल्या, महिन्याभराने तीन उरल्या. माझंच शिकवणं नीट होत नसेल असं वाटून मी एका मावशींच्या घरी विचारायला गेले. त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "ताई, खळ्यावरनं सुटायलाच सहा वाजतात. मग घरचं कोण बघील? तुमची पाटी मी धरू कधी?"

तुमच्याकडे कांदा नसेल म्हणून सांगते. लिलावात घेतलेला माल जिथे उतरतो, निवडला जातो, आकाराप्रमाणे वेगळा होतो आणि गोण्यांत भरला जातो, ते खळं. ही निवडाई बहुतेक बायकाच करतात. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग काढला होता त्यांचा वेळ आमच्या हातात नव्हताच, तो खळ्याच्या मालकाच्या हातात होता. आणि आम्ही त्याच मालकाकडे जाऊन पाट्यांचे पैसे मागत होतो!

मग मी माझ्याच शेठकडे गेले, पण पावतीपुस्तक घरी ठेवून. हिशोब लिहायची सवय, म्हणून कागदावर आकडे मांडूनच नेले. तेव्हाची हजेरी आठ तासांची २४० रुपये धरली, तर तास पडतो ३० रुपयांना, अर्धा तास १५ ला. अकरा बायका, आठवड्यातले दोन दिवस, महिन्याचे आठ. सगळे मिळून १३२० रुपये. म्हटलं, "शेठ, देणगी नको. सोमवारी आणि गुरुवारी या अकरा जणींना साडेपाचला सोडा आणि हजेरी कापू नका." त्यांनी कागद दोनदा पाहिला. म्हणाले, ट्रक उभा असेल त्या दिवशी मागायचं नाही, बाकी दिवशी सोडतो.

त्या १३२० रुपयांनी जे झालं ते सगळ्या पावत्यांनी मिळून झालं नव्हतं. अकरापैकी नऊ जणी वर्षभर टिकल्या. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्यातल्या दोघी गोणीवर मार्करने स्वतः आकार लिहायला लागल्या. निर्यातीचा कांदा मिलिमीटरवर वेगळा करतात, ४५ च्या वरचा एकीकडे, ५५ च्या वरचा दुसरीकडे. आधी त्या लिहिण्यासाठी एका पोराची वाट बघत गोण्या पडून राहायच्या. हा शेठचा फायदा झाला. तो त्यांना दिसला, आणि पुढच्या वर्षी मला कागद न्यावा लागला नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला ती सुरू केली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हातभार लावला. बातम्यांत सगळ्यांच्या नजरेत भरतात त्या आजींच्या गुलाबी साड्या. मला मात्र तिथली वेळ जास्त महत्त्वाची वाटते. दुपारी दोन ते चार. सकाळची कामं उरकलेली असतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात. ज्याने ती वेळ ठरवली त्याने आधी बायकांचा दिवस नीट पाहिला असणार. आणि साडीचंही म्हणाल तर ती शाळेचा गणवेश होती. ती नेसून आजी घराबाहेर पडली की गाव तिला विद्यार्थिनी म्हणूनच बघणार. मदतीने माणसाची मान अशी वर झाली पाहिजे.

याच्या उलट काय होतं तेही सांगते, कारण हे आमच्याच वर्गात घडलं. एका व्यावसायिकाने एकदम २५ हजार दिले. नाव सांगत नाही. आम्हाला आनंद झाला. अट एकच होती, कार्यक्रम करायचा. कार्यक्रमाला मोठा फ्लेक्स लागला, त्यावर देणाऱ्याचा फोटो आणि खाली 'निरक्षर महिलांना मदतीचा हात'. बायकांना त्या अक्षरांखाली ओळीने उभं केलं आणि फोटो काढले. त्याच रात्री ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले. एकीच्या जावयाने पाहिले, एकीच्या मुलाने. चार जणी पुन्हा आल्या नाहीत. त्यातली एक तर जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. आजही ती रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलते, पण वर्गाचं नाव काढत नाही. यात आमचाच दोष जास्त. आम्ही नाही म्हणायला हवं होतं. तेव्हापासून नियम केलाय, देणाऱ्याचं नाव वाचनालयाच्या फळ्यावर खडूने महिनाभर राहील, शिकणाऱ्या कोणाचाही फोटो निघणार नाही. हे ऐकून दोन देणगीदार मागे सरले. सरू दिले.

आता दुकानदारांकडे काय मागायचं ते. प्रत्येकाकडे त्याच्या धंद्यातली एक वस्तू किंवा एक तास असतो, तो मागा. आमच्या इथल्या पतसंस्थेने भरणा आणि रक्कम काढण्याच्या कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा दिला. त्यांना त्याची किंमत नाही, पण खऱ्या स्लिपवर नाव लिहिलेली बाई दुसऱ्या दिवशी काउंटरवर बिचकत नाही. झेरॉक्सवाला महिन्याला ठराविक पानं फुकट काढून देतो. किराणा दुकानदाराला आम्ही एवढंच सांगितलं की आमच्या बायका यादी लिहून आणतील, अक्षर वाकडं असलं तरी ती वाचा, तोंडी विचारू नका. पहिल्या यादीत 'साखर'चा काना राहिला होता. त्यांनी न हसता एक किलो साखर दिली.

मेडिकलवाल्या भाऊंचा तास तर मी विसरणार नाही. ते गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्सची पिशवीच घेऊन आले. प्रत्येकीच्या हातात एक दिली आणि म्हणाले, तारीख शोधा. ती बऱ्याचदा शाईने छापलेली नसते, पत्र्यावर दाबून उमटवलेली असते, सरळ धरली तर दिसतच नाही. एक आजी स्ट्रिप ट्यूबलाइटखाली तिरकी करत राहिल्या, अंगठ्याने चाचपत राहिल्या, आणि मग एकेक आकडा म्हणाल्या, शून्य, चार, दोन, शून्य, एक, नऊ. त्यांचीच ब्लडप्रेशरची गोळी होती ती. भाऊंनी मग सांगितलं की गोळी कापताना तारखेच्या उलट्या टोकाकडून कापत जा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. हे मलाही माहीत नव्हतं. वीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसालाच ते ठाऊक असतं.

इंग्रजीचं थोडं वेगळं आहे. आमच्याकडे त्यासाठी येतात त्या बहुतेक सुना, दहावी-बारावी झालेल्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधीच्यांना ते पाचवीत भेटलं, आणि आता त्यांचीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. शाळेचे निरोप मोबाइलवर इंग्रजीत येतात. आईला वाचता येत नाही, म्हणून मूलच आईला निरोपाचा अर्थ सांगतं, आणि स्वतःच्या सोयीचा तेवढाच सांगतं. या बायकांना 'स्पोकन इंग्लिश'चं पुस्तक देऊन उपयोग होत नाही, आम्ही ते करून पाहिलं.

उपयोग झाला तो पेठेचा. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं, आणि देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे आता बऱ्याच पाट्यांवर एकच नाव दोन लिप्यांत, वर-खाली लिहिलेलं असतं. याहून चांगली अंकलिपी कोण छापणार? मी दोन्ही गट घेऊन पेठेतून चालत गेले. मेडिकल, मोबाइल शॉपी, टेलर, गॅरेज. एक मावशी मोबाइलच्या दुकानापुढे थांबल्या, मागे वळून मेडिकलची पाटी पाहिली आणि म्हणाल्या, "दोघांचं पहिलं अक्षर एकच आहे की! माझ्या पोरीचं नावही 'म'चं, मग तिचंही हेच का?" दुकानदार पायरीवर उभे राहून बघत होते. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी विचारलं, परत कधी येणार, मी शटर पूर्ण वर करून ठेवतो, पाटी अर्धी झाकली जाते.

आणि शब्द तर यांच्याकडे आधीच आहेत. मोटर, स्टार्टर, फेज, लोड, रेट, टोकन, साइज, कंटेनर, पेमेंट, पेंडिंग. खळ्यावरची बाई दिवसभरात चाळीस-पन्नास इंग्रजी शब्द बोलते, फक्त तिला कोणी सांगितलेलं नसतं की ते इंग्रजी आहेत. त्यातून वाक्यं करायला घ्या. "पेमेंट इज पेंडिंग" हे आमच्या वर्गातलं पहिलं वाक्य होतं, आणि ते सगळ्यांना एका झटक्यात आलं.

एक धोका मात्र आधीच सांगते. एकाच धंद्यावर टेकू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उघडली. त्या पाच महिन्यांत महिन्याला पाचशे-पाचशे देणारे आमचे तिन्ही व्यापारी थांबले. त्यांना दोष कसा देणार, माल पडून होता. आणि बायकांचं म्हणाल तर काहींचं कामच कमी झालं, त्या दुसऱ्यांच्या शेतावर जायला लागल्या. वर्ग तगला तो झेरॉक्स, पतसंस्थेच्या स्लिपा आणि कोपऱ्यावरच्या टपरीतून येणारा चहा यांच्यावर. दहा ठिकाणची छोटी मदत असली की दोन बंद पडल्या तरी चालतं.

करसवलतीचं आमिष दुकानदाराला दाखवू नका. कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करण्याचा नियम, म्हणजे सीएसआर, ५०० कोटींची नेट वर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्यांना लागतो, पेठेतल्या किराणा दुकानाला नाही. आणि देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) वस्तूंवर मिळत नाही, दोन हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही. दिलेलं मनापासून दिलंय, एवढंच समजून घ्या आणि पावती चोख द्या.

सरकारच्या प्रौढ साक्षरतेच्या उल्लास योजनेत नाव जरूर नोंदवा. शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन नाही, पण साहित्य मिळतं आणि शेवटी परीक्षा होते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे १५० गुण. आमच्या बायका १७ मार्च २०२४ ला बसल्या. रविवार होता, पण गहू सोंगणीचे दिवस, कोणाचा रविवार आणि कोणाचा सोमवार! त्या दिवशी शेठनी सात जणींना भरपगारी सुट्टी दिली आणि परीक्षेच्या शाळेपर्यंत पिकअप पाठवली. गाडीत बायका पाढे म्हणत होत्या.

तुमच्या गावात बायका-माणसं कुठे कामाला जातात आणि किती वाजता सुटतात, हे आधी आठवडाभर पाहा. यंत्रमाग असेल, वीटभट्टी असेल, द्राक्षाचं पॅकहाउस असेल, प्रत्येकाची घंटा वेगळी. मालकाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा घाईचा हंगाम टाळा. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कोणी ऐकून घ्यायलासुद्धा थांबत नाही, जूनच्या पहिल्या पावसात खुर्ची देऊन बसवतात. तुमच्याकडे काय पिकतं किंवा बनतं ते कमेंटमध्ये लिहिलंत, तर कोणाकडे काय मागता येईल त्याची यादी मी करून देते.