पॅकेज त्यांचं, बग माझा?

यावेळी पत्रांमध्ये लिनक्सच लिनक्स आहे, त्यामुळे मोबाईलच्या बॅटरीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा. चार प्रश्न घेतोय. नवख्यांसाठी एवढंच: उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या वेगवेगळ्या बांधण्या, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पॅकेज म्हणजे इन्स्टॉल करायला बांधून ठेवलेला प्रोग्रॅम, डेब आणि स्नॅप हे त्याचे प्रकार, ॲप्ट ते आणून बसवणारं टूल, आणि पॅकेज बांधून सांभाळणारा तो मेन्टेनर.

प्रश्न: दादा, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू २२.०४ आहे. सरांनी फायरफॉक्स टाकायला सांगितला, मी नेहमीसारखं ॲप्ट इन्स्टॉल केलं आणि बघते तर स्नॅप आलेलं! पहिल्यांदा उघडायला इतका वेळ घेतो की प्रॅक्टिकल संपेल. आपण डेब मागायचं आणि त्यांनी भलतंच द्यायचं, हे चालतं का? मिंटवाले स्नॅपवर एवढे का चिडून असतात?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर: चिडचिड बरोबर आहे तुझी, पण आधी त्यांची बाजू ऐक. फायरफॉक्सचं नवीन व्हर्जन दर चार आठवड्यांनी येतं आणि सिक्युरिटीमुळे ते लगेच द्यावंच लागतं. उबंटूची एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी निघते, प्रत्येकीला पाच वर्षं सपोर्ट, म्हणजे एका वेळी दोन-तीन एलटीएस चालू, प्रत्येकीत कंपायलर वेगळा, लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) वेगळ्या, आणि आजचा ब्राऊझर त्या सगळ्यांवर बिल्ड करून टेस्ट करत बसायचं. स्नॅपमध्ये लागणाऱ्या लायब्ररी बरोबर घेऊनच पॅकेज येतं, एकदा बिल्ड केलं की सगळीकडे तेच चालतं, आणि फायरफॉक्सचं स्नॅप तर मोझिला स्वतःच काढते. काम वाचतं हे खरंच आहे.

खटकतं ते वेगळंच. ॲप्ट तुला डेब देतं ते नावापुरतं, पोकळ, त्याचं काम एकच, मागच्या दाराने स्नॅप आणून बसवणं. क्रोमियमच्या बाबतीत हे आधीच झालं होतं आणि त्यावरूनच मिंटने २०२० मध्ये, मिंट २० मध्ये, ॲप्टला स्नॅप आणायलाच बंदी घातली (हवं असेल तर ती बंदी काढता येते, पण काढायची तुम्ही, तुमच्या मर्जीने). शिवाय स्नॅपचं स्टोअर एकच, उबंटू काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं, आणि त्याच्या सर्व्हरचा कोड बंद. फ्लॅटपॅक या स्नॅपसारख्याच दुसऱ्या प्रकारात निदान कोणीही आपली रेपो (पॅकेजेसचा साठा) उघडू शकतं. स्नॅप वाईट आहे असं मला वाटत नाही, पण न विचारता बदललं ते मला पटलेलं नाही.

लॅबसाठी उपाय: मोझिलाची स्वतःची ॲप्ट रेपो आहे ती जोड. नुसती जोडून भागणार नाही हां, कारण त्या पोकळ पॅकेजच्या व्हर्जनपुढे १ चा एपॉक (व्हर्जनच्याही आधी बघितला जाणारा आकडा) लावलेला आहे, त्यामुळे ॲप्टला तेच कायम नवीन वाटणार. ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये मोझिलाच्या रेपोला प्रायॉरिटी १००० दे, मग स्नॅप काढ. आणि काढायच्या आधी बुकमार्क एक्स्पोर्ट करून घे, नाहीतर सर तुलाच शोधत येतील.

प्रश्न: मी एक छोटं कमांड लाईन टूल लिहिलंय आणि नोकरी सांभाळून ते चालवतो. एका डिस्ट्रोच्या स्टेबलमध्ये (सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत) त्याचं दोन वर्षं जुनं व्हर्जन आहे. मी केव्हाच फिक्स केलेले बग लोक मलाच रिपोर्ट करतात, वर त्या मेन्टेनरने एक ऑप्शन बिल्ड करतानाच बंद करून टाकलाय. त्याला म्हटलं काढून टाक पॅकेज, तर म्हणतो लायसन्सप्रमाणे मला ठेवता येतं. पॅकेज त्यांचं आणि बग माझा, हा कुठला न्याय?
– एक डेव्हलपर, बाणेर

उत्तर: लायसन्सचं तो बरोबर बोलतोय, आणि ते लायसन्स तुम्हीच लावलंय. पण तुमचं दुखणं खरं आहे आणि जुनंही आहे. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने अगदी हेच मागितलं होतं, डेबियनने नवीन व्हर्जन तरी द्यावं नाहीतर पॅकेज काढावं, जुन्या व्हर्जनचे रिपोर्ट वाचून कंटाळलोय. त्याने तर प्रोग्रॅममध्येच 'हे व्हर्जन फार जुनं झालंय' अशी सूचना टाकून ठेवली होती! २०२४ मध्ये कीपासएक्ससीचं झालं, डेबियनच्या मेन्टेनरने नेटवर्क, ब्राऊझर इंटिग्रेशन वगैरे काढून साधं पॅकेज बनवलं आणि सगळ्या फीचर्सवालं 'फुल' नावाने वेगळं ठेवलं. त्याचं म्हणणं, पासवर्ड ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जेवढा कोड कमी तेवढं बरं. मूळ टीमचं म्हणणं, लोकांचं ब्राऊझर इंटिग्रेशन एका अपडेटमध्ये गायब होणार आणि शिव्या आम्हाला पडणार. दोघांचंही चूक नाही, म्हणून तर भांडण मिटत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमवाल्यांनी फेडोराला थेट कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, का तर फेडोराने स्वतः बनवलेलं ओबीएसचं फ्लॅटपॅक नीट चालत नव्हतं आणि लोकांना वाटत होतं हेच अधिकृत. ते शेवटी बोलून मिटलं.

आता स्टेबल जुनं का ठेवतात? आळस म्हणून नाही. डेबियनमध्ये जवळजवळ ७० हजार पॅकेजेस आहेत, ती एकमेकांवर उभी आहेत, एकाचं व्हर्जन हललं की दुसरं कुठेतरी हलतं, म्हणून रिलीजच्या आधी सगळं फ्रीज करतात आणि नंतर फक्त सिक्युरिटी आणि गंभीर बगचे फिक्स मागे नेऊन लावतात. एखाद्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवाल्याला तुमचं नवीन फीचर नकोच असतं हो, काल चाललं ते उद्या चालावं एवढंच त्याचं मागणं.

पण मेन्टेनरने कोडला हात लावला की जबाबदारी त्याची झाली, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. डेबियनचं ओपनएसएसएल (गुप्त कीज बनवणारी लायब्ररी) प्रकरण आठवतंय का? २००६ मध्ये एका टूलची वॉर्निंग घालवायला पॅकेजमध्ये दोन ओळी काढल्या, आणि त्यात रँडम नंबरचा जीवच गेला, प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) तेवढा उरला. म्हणजे एका प्रकारच्या कीसाठी ३२,७६८ शक्यता, बस्स. मे २००८ पर्यंत कोणाला पत्ता नाही, आणि मग जगभर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) कीज बदलत बसले लोक. असा पॅच मूळ प्रोजेक्टमध्ये नीट जाऊन तिथल्या कोणीतरी ओळीओळीने तपासला असता तर कदाचित तेव्हाच सापडलं असतं.

तर करा काय? भांडू नका, ट्रेडमार्कची धमकी तर अजिबात नको. मोझिलाने ती वाट धरली तेव्हा डेबियनने फायरफॉक्सचं नाव बदलून आईसवीझल करून टाकलं, २००६ पासून २०१६ पर्यंत दहा वर्षं तसंच. त्यापेक्षा टूलच्या व्हर्जनमध्ये बिल्ड कोणी केलं ते दिसेल अशी सोय ठेवा, बग रिपोर्टच्या फॉर्मवर 'कुठून इन्स्टॉल केलं' हा पहिला प्रश्न टाका आणि उत्तर डिस्ट्रो असेल तर रिपोर्ट आधी तिकडे पाठवा. सिक्युरिटी फिक्सचे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) सुटे आणि छोटे ठेवा म्हणजे त्याला मागच्या व्हर्जनला लावता येतील. आणि तो ऑप्शन का बंद केला ते एकदा सरळ विचारा, पुष्कळदा उत्तर 'त्याला लागणारी लायब्ररी आमच्याकडे नाही' एवढंच निघतं.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त, घरी लिनक्सच वापरतो. एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये चोरदार सापडल्याची २०२४ ची बातमी मुलाने आत्ता दाखवली. फुकट काम करणाऱ्यांच्या भरवशावर पेन्शनचं खातं उघडायचं का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: काका, उघडा बिनधास्त. ती भानगड एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होती, ती डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल या कच्च्या आवृत्त्यांपर्यंत आणि फेडोराच्या पुढे यायच्या व्हर्जनपर्यंत पोचली, स्टेबलपर्यंत नाही. वर ज्या जुनेपणाला बाणेरचे गृहस्थ वैतागलेत त्यानेच तुम्हाला वाचवलं. पकडलं कसं तेही बघा, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत गेला!

तरी डिस्ट्रोवाल्यांना मी पूर्ण सोडत नाही. एसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही, सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) निरोप द्यायला डेबियन-फेडोराने त्याला पॅच लावला होता, त्यासाठी घेतलेल्या सिस्टमडीच्या लायब्ररीच्या मागून एक्सझेडची लायब्ररी आत आली. आणि घातक भाग रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडची बांधलेली फाईल) होता, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद) जसाच्या तसा नव्हता, म्हणून टारबॉल सोडून थेट गिटवरूनच पॅकेज बनवा हा वाद तेव्हापासून जोरात आहे. मला ते पटतं. फुकट काम करणाऱ्यांचं म्हणाल तर एक्सझेड एकटा थकलेला माणूस सांभाळत होता आणि त्याला मदत करायच्या नावाखालीच ते चोरदार बसवणारा घुसखोर आत शिरला, पण त्याचा इलाज तुमच्या खात्यात नाही, त्या लायब्ररीवर धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या खिशात आहे.

प्रश्न: मला डेबियनचा मेन्टेनर व्हायचंय पण तिथली भांडणं वाचून भीती वाटते. कुठून सुरू करू?
– एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर: भांडणं होतात रे, पण तिथे ती मिटवायची पद्धत ठरलेली आहे. सिस्टमडी घ्यायचं का या वादात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, डेबियनच्या टेक्निकल कमिटीत चार-चार मतं पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी देवुआन नावाची वेगळी डिस्ट्रो काढली, झालं. बाकी हे गणपती मंडळासारखंच असतं, मतं देणारे शंभर आणि मांडव उतरवायला चार, तू त्या चारांत जा म्हणजे कोणी फार काही बोलत नाही.

डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेज टाक, त्यातली डब्ल्यूएनपीपी-अलर्ट कमांड चालव, तुझ्याच मशीनवरची कोणती पॅकेजेस बेवारस आहेत ती यादी येते. त्यातलं छोटं घे, ब्राऊझर-बिऊझरच्या नादी लागू नको. फाँटचं पॅकेज शिकायला बरं, कंपाईलची कटकट कमी. लोहित देवनागरीचं पॅकेज उघडून बघ, तो फाँट मूळ आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, रेड हॅटने २००४ मध्ये मोकळा केला. स्वतः अपलोड करायचा हक्क लगेच मिळत नाही, सुरुवातीला एखाद्या डेबियन डेव्हलपरला स्पॉन्सर म्हणून गाठावं लागतं, तो तपासून अपलोड करतो. पहिल्यांदा तो बहुतेक कॉपीराइटच्या फाईलवरून परत पाठवेल, सगळ्यांचीच पाठवतात.